टेबल राज्याचं एकच, मग दर वेशीला हिशेब नवा का?

कॅलिफोर्नियाचा डेन्सिटी बोनस कायदा, कलम 65915, 1979 पासून आहे: बिल्डरने काही घरं स्वस्त ठेवली की शहराच्या नियमापेक्षा जास्त घरं बांधू द्यायची, ती जादा घरं म्हणजे बोनस. शहराला राज्याच्या टेबलापेक्षा जास्त देता येतं, कमी देता येत नाही. अतिअल्प उत्पन्न गटासाठी 5 टक्के घरं ठेवली की 20 टक्के बोनस, 15 टक्के ठेवली की 50. टेबल सगळ्यांना तेच. तरी ओकलंडची फाईल शेजारच्या बर्कलीत नेली की पाटी कोरी!

टेबल राज्याचं असलं तरी ते ज्या आकड्याला लावायचं तो बेस, म्हणजे बोनसशिवाय किती घरं बसतात तो आकडा, शहराचा, ही खरी गोम. ओकलंडच्या बऱ्याच झोनमध्ये एका युनिटमागे प्लॉटचे किती चौरस फूट ते ठरलेलं असतं. समजा 450, आणि प्लॉट 10,000 चौरस फुटांचा. भागाकार 22.22. बोनसच्या हिशेबात प्रत्येक अपूर्णांक वर जातो, म्हणून बेस 23. त्याचे 15 टक्के 3.45, म्हणजे 4 स्वस्त घरं. बोनस 11.5, म्हणजे 12. एकूण 35. संपलं. यातही 15 टक्के 35 वर काढून 6 घरं लिहून देणारे महाभाग असतात. अहो, टक्के बेसवर काढायचे, एकूणावर नाही!

आणि बर्कलीचं डाउनटाउन? तिथे युनिटमागे आकडाच नाही. मग जी इमारत कोणी कधी बांधणार नाही तिचे नकाशे काढा: उंची, सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर), मोकळी जागा, सगळं नियमात बसवून. त्यात किती युनिटं मावतात तो बेस. सरासरी युनिट थोडं लहान धरलं की बेस फुगतो, मोठं धरलं की आटतो, आणि भांडण नेमकं तिथेच. राज्याच्या एबी 2334 या कायद्याने 2023 पासून पद्धत घालून दिली, अर्जदाराचा असा अभ्यास शहराने स्वीकारायचा असंही सांगितलं. पण काल्पनिक इमारतीचे पैसे आर्किटेक्टला खरेच मोजावे लागतात ना!

त्यावर उत्पन्न गटांचा घोळ. राज्याच्या टेबलात 'अल्प' गटाच्या घराचं भाडं प्रदेशाच्या मध्यम उत्पन्नाच्या 60 टक्क्यांवरून काढतात. शहराच्या स्वस्त घरांच्या सक्तीच्या कोट्याने 80 टक्क्यांवरचं भाडं चालवून घेतलं, तर ते घर कोट्यात बसतं, बोनसला मात्र शून्य. भाडं दोन्हीकडे बसलं तर तेच घर दोन्हीकडे मोजायचं, हे 2013 मध्ये नापा काउंटीच्या खटल्यात कोर्टाने सांगितलंय. तरी अजून दोनदा घरं मागणारे भेटतात.

लॉस एंजेलिसने तर कहरच केला होता. बस-रेल्वेच्या स्टॉपजवळ जास्त घरं बांधू देणाऱ्या 2017 च्या टीओसी योजनेत स्टॉपच्या अंतरानुसार चार पायऱ्या, घरांच्या संख्येत 50 ते 80 टक्के वाढ. तेव्हा राज्याची कमाल 35! विल्शरवरून तीच बस बेव्हर्ली हिल्समधून सँटा मोनिकाला जाते, पण हद्द ओलांडली की त्या पायऱ्या गायब. 2025 मध्ये टीओसीच्या जागी नवी योजना आली. घ्या, सगळे एक्सेल पुन्हा करा.