‘गाळली नाही, मग परवाना कशाला?’

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक सल्ला फिरतोय: मीड (मधाची वाइन), सायडर (सफरचंदाच्या रसाचं पेय), फळांची वाइन ही नुसती आंबवलेली पेयं, भट्टी लावून गाळत नाही तोवर महाराष्ट्रात परवाना लागत नाही. घरापुरती कितीही करा, विकायची तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन्स पुरे. अमेरिकेतही असंच चालतं. कोंबुचा, म्हणजे साखर घालून आंबवलेला चहा, तर चहाच! यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

‘गाळली नाही म्हणजे दारू नाही.’ महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 2 मधल्या मद्याच्या व्याख्येत स्पिरिटबरोबर वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव येतात. कलम 12 विनापरवाना मद्यनिर्मितीला मनाई करतं. कलम 13 त्यासाठीचं साहित्य आणि उपकरणं बाळगायलाही. त्यामुळे ‘आधी टाक्या आणू, कागदपत्रं मागाहून’ हा क्रमच उलटा. सुरुवात जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून करावी.

‘घरापुरती चालते.’ या कलमांत घरगुती सूट नाही. पिण्याचं परमिट दाखवून कुणी वाद घालू नये. ते पिण्यापुरतं आहे, बनवण्यासाठी नाही.

‘अमेरिकेत मोकळीक आहे.’ तिथे 1978 च्या केंद्रीय कायद्याने घरगुती बिअरला मुभा दिली. मर्यादा वर्षाला एका प्रौढाच्या घरी 100 गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर. विकायची नाही, आणि घरी गाळायची तर मुळीच नाही. शिवाय प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा: अलाबामा आणि मिसिसिपीत घरगुती बिअर कायदेशीर व्हायला 2013 उजाडलं.

‘एफएसएसएआय पुरे.’ त्यांचे 2018 चे नियम पेयाचा दर्जा आणि लेबल ठरवतात. मद्यनिर्मितीवरचा अधिकार राज्यघटनेच्या राज्यसूचीत, आठव्या नोंदीत आहे. दोन्हीकडची परवानगी लागते.

‘कोंबुचा तर चहाच!’ खरी गोची इथे होते. एफएसएसएआयच्या लेखी आकारमानाने 0.5 टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलं की पेय मद्यात जमा. आता हिशेब बघा: लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर पूर्ण आंबली की 1 टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे चव आणि फेसासाठी बाटलीत लिटरमागे 10 ग्रॅम साखर घातली, दोन-अडीच चमचे, की एवढ्यानेच 0.6 टक्के झालं. उघड्या बरणीत जिवाणू हवेच्या मदतीने अल्कोहोलचं आम्ल करत असतात. झाकण घट्ट लावलं की हवा संपते, साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टचं काम मात्र चालूच राहतं. भरताना 0.4 टक्के असलेली बाटली दुकानातल्या फळीवर आठवडाभर उन्हाळ्यात राहिली तर हद्द ओलांडते. दाब वाढून काच फुटते ती वेगळीच.

फ्रीजने यीस्ट मंदावतं, मरत नाही. पाश्चरीकरण करा, म्हणजे तापवून यीस्ट मारा, किंवा बारीक फिल्टरने यीस्ट काढा आणि वाटेतही थंड ठेवा. हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवात तरंगवून घनता मोजायच्या नळीवर, विसंबू नका: बुडबुडे तो वर उचलतात, आम्लं आकडा बिघडवतात, 0.5 च्या आसपासचा फरक त्याला पकडता येत नाही. प्रत्येक खेपेतली एक बाटली महिनाभर बाहेर, खोलीच्या तापमानाला ठेवा आणि मग प्रयोगशाळेत पाठवा. भरण्याच्या दिवशीचा अहवाल महिन्यानंतरच्या बाटलीबद्दल काही सांगत नाही.