इझाबेलाचं पत्र कुणी वाचलंय का हो?

पोस्ट लांबणार आहे. डोकं सणकलंय आणि झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज एका व्याख्यानाला गेले होते. विषय झकास, युरोपातल्या रोमँटिक कादंबऱ्यांमधलं प्रेम. वक्ते व्यासंगी, आवाज कमावलेला, सभागृह भरलेलं. आणि शेवटाकडे सरांनी दोन्ही हात पसरून काय म्हणावं? "वेर्थर बघा, हीथक्लिफ बघा! असं जीव ओवाळून टाकणारं प्रेम आज उरलंय कुठे? आजची मुलं हिशेब करून प्रेम करतात." (वेर्थर म्हणजे गटे ह्या जर्मन लेखकाच्या कादंबरीतला, प्रेमापायी जीव देणारा तरुण, आणि हीथक्लिफ म्हणजे एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'चा नायक.) टाळ्यांचा कडकडाट. माझ्या शेजारच्या बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला.

अहो, हीथक्लिफ कुत्रं टांगणारा माणूस आहे! आपल्या लाडक्या कॅथरीनच्या नणंदेला, इझाबेलाला, पळवून नेतो त्याच रात्री तिचं कुत्रं रुमालाने हुकाला लटकवून जातो. घरची मोलकरीण नेली वेळेवर पोचते म्हणून ते जनावर वाचतं. हे काही मी शोधून काढलेलं गुपित नाही, 'वुदरिंग हाइट्स'मध्ये छापलेलं आहे, १८४७ पासून. आणि पुढे तोच नेलीला हसत हसत सांगतो, की ही बया मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडून आली. तिच्यासमोर मी पहिली गोष्ट केली ती तिचं कुत्रं टांगायची, तरी हिचे डोळे उघडले नाहीत. म्हणजे आज सभागृहात जो गैरसमज टाळ्या घेऊन गेला, त्याची खिल्ली खुद्द हीथक्लिफनेच उडवून ठेवलीय. एमिली ब्राँटे आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार होती.

मला एवढा राग का येतो, त्याला कारण आहे. होस्टेलला असताना माझ्या रूममेटच्या मागे एक मुलगा लागला होता. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीपाशी सायकलला टेकून उभा असायचा. पावसात छत्री न घेता. अख्ख्या कॉलेजला त्याचं कौतुक. मेसमध्ये मुली हिला म्हणायच्या, "नशीब लागतं बाई, एवढं प्रेम करणारा मिळायला." त्याने पत्रात लिहिलं, तुला पिवळ्या ओढणीत पाहिलं आणि मी संपलो. हिने ती ओढणी दुसऱ्याच दिवशी मेसच्या मावशींना देऊन टाकली. कपडे खोलीच्या आत वाळत घालायला लागली. रेक्टरबाईंचा तोडगा काय, तर "तू खिडकीत येत जाऊ नकोस."

वेर्थर वाचताना मला ती ओढणी आठवते. ज्या लोट्टेवर तो भाळतो, तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या छातीवर एक गुलाबी रिबीन होती. पुढे वाढदिवसाला ती रिबीन त्याला मिळते आणि शेवटच्या पत्रात तो बजावून सांगतो, ही माझ्याबरोबर पुरा. त्याहून भयंकर, तो स्वतःवर गोळी झाडतो त्या पिस्तुलांची गोष्ट. तो प्रवासाच्या नावाखाली चिठ्ठी पाठवून लोट्टेच्या नवऱ्याची पिस्तुलं मागवतो. भिंतीवरून ती उतरवायला कोण? लोट्टे. तिचा हात थरथरतोय, कसलीतरी शंका आलीय, ती उगाच धूळ पुसत रेंगाळते, शेवटी नवऱ्याच्या नजरेपुढे नाइलाजाने नोकराच्या हातात देते. आणि हा तिकडे लिहितो, की ती तुझ्या हातातून आली, तू त्यांची धूळ पुसलीस, मी हजार वेळा त्यांचं चुंबन घेतो! आता ह्या बाईने उरलेलं आयुष्य कसं काढायचं? तिला कळेल असं लिहून तो गेलाय. ह्याला जीव ओवाळणं म्हणतात? हे दुसऱ्याच्या गळ्यात आपला जीव बांधणं झालं.

आमच्या टपरीवाल्या नायकानेही पुढे काहीतरी पिऊन घेतलं. वाचला, लवकरच धडधाकट घरी गेला. पण तेवढ्यात अर्धं कॉलेज शहाळी घेऊन त्याला बघायला जाऊन आलं. हिच्या खोलीत कोणी फिरकलं नाही. उलट जिन्यात "दगड आहे ती" असं ऐकवलं गेलं. मी भांडले दोघीतिघींशी. उपयोग शून्य.

बरं, मान्य. ही पुस्तकं सुंदर आहेत. कॅथरीन "मी हीथक्लिफच आहे" म्हणते तिथे आजही अंगावर काटा येतो. आणि हो, हीथक्लिफवर अन्याय झाला होता. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेलं पोर, कॅथरीनच्या भावाने, हिंडलीने, त्याला गड्यासारखं वागवलं, कॅथरीनने इझाबेलाच्या भावाशी, एडगरशी, त्याच्या घराण्याकडे बघून लग्न केलं. ती दोघं लहानपणी माळावर पळत सुटायची, ती पानं मी कितीदा वाचली असतील. एमिली तिशीतच गेली, इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावच्या त्या माळाला लागून असलेल्या घरात, कादंबरीला जेमतेम वर्ष झालेलं. तिला काय काय माहीत होतं माणसांबद्दल, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता.

गटेवरही नाही. १७७४ साली पुस्तक आलं आणि तरुण पोरं निळा कोट, पिवळं जाकीट घालून वेर्थर बनत हिंडायला लागली. लाइपझिग शहराने पुस्तकावर बंदी घातली, त्या पोशाखावरसुद्धा. दुसऱ्याच वर्षीच्या आवृत्तीत गटेला वेर्थरच्या तोंडी ओळ घालावी लागली, पुरुषासारखा वाग आणि माझ्या मागे येऊ नकोस. १७८७ मध्ये त्याने कादंबरी सुधारली तेव्हा एका शेतगड्याची गोष्ट वाढवली. गडी आपल्या विधवा मालकिणीवर भाळतो, तिच्यावर जबरदस्ती करायला जातो, हाकलला जातो आणि शेवटी त्याच्या जागी आलेल्या गड्याचा खून करतो. आणि त्याला वाचवायला धडपडतो कोण? आपला हळवा वेर्थर. लेखकाने आरसा आणून समोर ठेवला. ह्याहून जास्त त्याने काय करायचं होतं? पण आज त्या गड्याचं नाव निघालं नाही, कारण गडी आला की टाळ्यांची पंचाईत.

सिनेमावाल्यांनी तर सोपाच मार्ग काढला. १९३९ चा तो गाजलेला हॉलिवूडपट दुसरी पिढी सरळ कापून टाकतो. हीथक्लिफ कॅथरीनच्या मुलीला, धाकट्या कॅथीला, कोंडून ठेवतो, थोबाडीत मारतो, स्वतःच्या मरायला टेकलेल्या पोराशी जबरदस्तीने लग्न लावतो, हे सगळं गायब. उरतो माळ, वारा आणि सिनेमाचा नायक लॉरेन्स ऑलिव्हिए. अर्धं पुस्तक कापल्यावर प्रेमकथा होणारच की.

सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, वाचाल कदाचित. 'वुदरिंग हाइट्स'चं तेरावं प्रकरण पुन्हा वाचा. इझाबेला पळून गेल्यावर काही आठवड्यांनी नेलीला पत्र लिहिते आणि विचारते, हा माणूस तरी आहे का? असेल तर वेडा आहे का? आणि नसेल तर सैतान आहे का? नवी नवरी असं लिहितेय. मग सतरावं वाचा. कॅथरीनला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी इझाबेला बर्फातून पळत येते, अंगात पातळ रेशमी झगा, पायात सपाता, कानाखाली सुरीची जखम. सुरी हीथक्लिफने फेकलेली. पोटात मूल. ती बोटातली अंगठी ओढून काढते, लहान मुलासारखी रागाने तिच्यावर घाव घालते आणि निखाऱ्यांत फेकते. मला विचाराल तर सगळ्या कादंबरीतला सर्वांत रोमँटिक क्षण तो आहे. त्यावर कुणी हात पसरून बोलत नाही.

माझ्या रूममेटला तिचे वडील सत्र अर्ध्यावर असताना येऊन घेऊन गेले. ती परीक्षेला बसली नाही. नंतर पत्ता लागला नाही, मीही हातपाय मारून पाहिले. तो मात्र सापडला, इथेच फेसबुकवर. प्रेमकविता करतो. खाली बदाम पडतात भरपूर.

असो. जरा थंड झालेय आता. ह्याच व्याख्यानमालेत पुढच्या महिन्यात सर पुश्किन ह्या रशियन कवीच्या 'ओनेगिन' ह्या पद्य-कादंबरीवर बोलणार आहेत म्हणे. मी जाणार, पहिल्या रांगेत बसणार. त्यात शेवटी नायिका तात्याना ओनेगिनला समोर उभं करून "प्रेम आहे, पण नाही" असं स्पष्ट सांगते आणि त्याला ते निमूट ऐकून घ्यावं लागतं. त्या प्रसंगाला सर किती मिनिटं देतात ते घड्याळ लावून बघायचंय. कोणी येणार असेल तर कळवा, जागा धरून ठेवते.