आजीची गोधडी आणि न धुतलेलं कापड

ताई,

गेल्या वेळी मी लिहिलं होतं, 'नवं सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय गोधडीसाठी त्याला कात्री लावू नका.' त्यावर तुम्ही मला तीन गोष्टी सुनावल्यात. एक, तुमच्या आजीने जन्मात कधी कापड धुऊन गोधडी शिवली नाही आणि तिची गोधडी चाळीस वर्षं टिकली. दोन, खळ गेली की कापड लुळं पडतं, चौकोन वाकडे कापले जातात. तीन, रंगाची एवढीच भीती असेल तर मिठाच्या पाण्यात बुडवावं, त्यासाठी पानभर लिहायचं कारण नाही. पानभराचं मान्य. मला थोडक्यात लिहिता येत नाही, हे उत्तरही त्यातलंच.

आजीपासून सुरू करते, कारण खरा घोळ तिथेच आहे. आजीने गोधडी शिवली ती कशाची? खाली लुगडं, वर लुगडं, मध्ये धोतराचे आणि जुन्या चादरींचे थर. ते लुगडं आधी कित्येक वर्षं धुण्याच्या दगडावर आपटून झालेलं. आटायचं तेवढं आटून गेलेलं, जायचा तो रंग गेलेला. म्हणजे कापड धुतलेलंच होतं, फक्त ते धुणं गोधडीच्या हिशेबात कुणी धरलं नाही. आपण रविवार पेठेतून मीटरवर कोरं कापड आणतो आणि आजीचा दाखला देतो.

नाहीतर मग ब्लाऊजपीस. ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचा ढीग कुठल्या पुणेरी कपाटात नाही? एका हळदीकुंकवाला आलेले दुसऱ्या हळदीकुंकवाला पुढे ढकलले तरी उरतातच. काही वर्षांपूर्वी भाचीच्या बाळासाठी मी त्यांचंच दुपटं शिवलं. एक चौकोन रंगीत, एक पांढऱ्या मांजरपाटाचा. बारसं तोंडावर आलेलं, त्यामुळे धुतलं काहीच नाही. पहिल्याच धुण्यात एका लाल ब्लाऊजपीसने शेजारचे चारही पांढरे चौकोन गुलाबी केले. ते एक वेळ चाललं असतं. पण मांजरपाट सणसणीत आटलं आणि ब्लाऊजपीसांतले निम्मे निघाले पॉलिस्टर मिसळलेले, ते जागचे हलले नाहीत. पांढरे चौकोन आक्रसले, मधले रंगीत चौकोन पापडासारखे फुगले, आणि एका कडेचा धावदोरा ताणाने तटकन तुटला. भाची 'छान दिसतंय गं मावशी' म्हणाली. ती पहिल्यापासूनच सोशिक.

कापड आटतं म्हणजे त्याचं ताणलेपण सुटतं. मागावर आणि नंतरच्या यंत्रांवर ते ओढून धरलेलं असतं, त्यातही उभा धागा जास्त. पाणी लागलं की धागा फुगतो आणि सैलावून आपल्या जागी येतो. म्हणून लांबीत जास्त आटतं, पन्ह्यात कमी. साधं सुती कापड ३ ते ५ टक्के सहज आटतं. ९० इंच लांब गोधडीत ४ टक्के धरले तरी साडेतीन इंच गेले. आता सगळं कापड एकाच ताग्यातलं असेल तर ते एकसारखं आटेल, गोधडीला बारीक चुण्या पडतील, आणि त्या चुण्या पुष्कळांना आवडतातही. तिथे न धुता शिवलंत तर माझी तक्रार नाही. काठावर 'सॅनफोराइज्ड' असा छाप असेल तरीही नाही. सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन माणसाने १९३० मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत, त्यात कापड कारखान्यातच आटवून बाहेर पाठवतात. पण चार दुकानांतली चार कापडं एकत्र जोडणार असाल तर आधी पाण्यातून काढाच.

मिठाचं मात्र मुळीच पटलं नाही. मीठ कापड रंगवताना लागतं, पाण्यातला रंग धाग्याकडे जावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडात जो जादा, सुटा रंग उरलेला असतो तो मिठाने पक्का होत नाही. फार तर खारट पाण्यात तो कमी सुटतो, बादली स्वच्छ दिसते आणि आपण फसतो. सुती कापडाचा सुटा रंग काढायला कोमट पाणी, साबण आणि पाणी नितळ निघेपर्यंत खळबळणं, एवढंच. शंका असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कापडाचा कोपरा चोळून बघा. तिसऱ्या धुण्यानंतरही फडकं रंगलं तर त्या कापडाची पिशवी शिवावी, गोधडीत पांढऱ्याशेजारी बसवू नये.

खळीबद्दल मात्र तुमचं अगदी बरोबर, आणि हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. धुतलेलं पॉपलिन कात्रीखाली सरकतं, चौकोनाचा बघता बघता पतंग होतो. पण एकदा गेलेली खळ पुन्हा देता येते की! सुती साड्यांना घालतो तीच साबुदाण्याची खळ, जरा पातळ करून, गाळून. कापड पूर्ण वाळू न देता दमट असतानाच इस्त्री करायची, उभ्या धाग्याच्या दिशेने, न ओढता. ते कागदासारखं कडक होतं आणि कोऱ्या कापडापेक्षाही सरळ कापलं जातं. धुण्याआधी चारही कोपरे जरा तिरके छाटा, म्हणजे दोऱ्यांचा गुंता कमी होतो. श्रावणात हा उद्योग करू नका, खळ वाळता वाळत नाही आणि कुबट वास धरते. गोधडी पुरी झाली की खळ धुऊन टाका, नाहीतर कसर लागते.

आणि आजीची ती गोधडी अजून घरात असेल तर एखादी उसवलेली कड उलटून बघा. आत कुणाचं लुगडं आहे, काठ ओळखू येतो का, ते मला नक्की कळवा.