फक्त ॲडमिनच बोलणार?

आमच्या परभणी जिल्ह्यात आता गावोगावी पक्षांचे व्हॉट्सॲप ग्रुप झालेत. बूथप्रमुख नंबर गोळा करतो, न विचारता जोडून टाकतो. मग दिवसभर साहेबांचे दौरे, वाढदिवसाचे बॅनर, सभेचे ड्रोनवरून काढलेले रील. आपण काही लिहायला जावं तर खाली ओळ दिसते: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.

माझा राग या ओळीवर आहे.

२०२४ च्या विधानसभेचा प्रचार ऐन सोयाबीनच्या हंगामात आला. हमीभाव ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात शेतकरी त्याहून कितीतरी खाली माल घालत होता. "भावाचं काय करायलात?" एवढंच लोकांना विचारायचं होतं. विचारणार कुठं? पूर्वी उमेदवार पारावर यायचा तेव्हा एखादा म्हातारा उठून म्हणायचाच, "मागच्या बारीला पाण्याचं बोललावतात, त्याचं काय झालं?" उत्तर खोटं का असेना, गावासमोर द्यावं लागायचं.

ग्रुप असा बंद करायची सोय व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये आणली. २०२३ मध्ये चॅनेल आले, त्यांची तर रचनाच एकतर्फी. दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं साधन हातात असताना पक्षांनी त्याचा भोंगा केला.

कार्यकर्ते म्हणतात, ग्रुप उघडा ठेवला की जातीवर जातं, भांडणं लागतात. ही भीती खरी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, आणि त्यानंतर मराठा-ओबीसी वादात मोबाइलवर काय काय फिरलं ते मराठवाड्यानं भोगलंय. शाळेपासूनचे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. पण माझ्या पाहण्यात ते विष बिननावाच्या पेजवरून आणि फॉरवर्डमधून आलं. फेसबुकवर राजकीय जाहिरात दिली तर पैसे कुणी भरले ते तरी दिसतं. फॉरवर्डला बापच नसतो. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो, तरी फोन वाजतच राहतो, आणि जाब विचारला की प्रत्येक पक्ष म्हणतो, आमचा माणूस नाही.

म्हणजे नावानं बोलतात तिथं आपल्याला तोंड नाही, आणि बोलायला मोकळीक आहे तिथं त्यांचं नाव नाही. हे मला मान्य नाही.

माझी मागणी साधी आहे. जोडण्याआधी विचारा. आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रुप उघडा ठेवा आणि तालुकाध्यक्षानं पीकविमा, रस्ता, लाईट यावर स्वतःच्या नावानं उत्तरं द्यावीत. शिवीगाळ करणाऱ्याला खुशाल काढा, प्रश्न विचारणाऱ्याला काढू नका.

तुमच्या गावात कुठल्याही पक्षाचा असा उघडा ग्रुप असेल तर खाली तालुक्याचं नाव लिहा. मला खरंच बघायचाय.