दगडाला चार वयं निघाली, म्हणून शास्त्र खोटं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मजकूर अधूनमधून फिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कार्बन डेटिंग 50 हजार वर्षांपलीकडे चालत नाही, तरी खडकांना कोट्यवधी वर्षांचं वय दिलं जातं. खडक तयार होताना त्यात किती शिसं होतं ते पाहायला कुणी नव्हतं. रूपांतरित खडक (जमिनीखालच्या उष्णतेनं आणि दाबानं बदललेला) तर भट्टीतून गेलेला, त्यातलं सगळं पुसलेलं. म्हणून तर त्यातलं प्रत्येक खनिज वेगळंच वय सांगतं. आणि न आवडलेले आकडे शास्त्रज्ञ गुपचूप टाकून देतात. शेवटी अर्थातच ‘सर्वांना पाठवा’. मला तो तीनदा आला, त्यात एकदा एका इंजिनिअर काकांकडून. तेव्हा म्हटलं, उत्तर लिहावंच.

कार्बनचं आधी मिटवू. कार्बन-14 चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा भाग संपायला लागणारा काळ, 5,730 वर्षं. ती पद्धत लाकूड, हाडं, कोळसा अशा एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी आहे. पट्टिताश्मासारख्या रूपांतरित खडकाचं वय काढायला ती कुणी वापरतच नाही. सोनाराच्या काट्यावर उसाचा ट्रक चढत नाही, म्हणून साखर कारखान्याचा वजनकाटा खोटा ठरत नाही.

‘सुरुवातीचं शिसं कुणी पाहिलं?’ हा प्रश्न मात्र चांगला आहे. त्याचं उत्तर झिरकॉन या खनिजात आहे. झिरकॉनचा स्फटिक घडताना त्याच्या जाळीत युरेनियम थोडंफार सामावतं, शिसं जवळजवळ नाहीच. शिशाच्या अणूचा आकार आणि विद्युतभार तिथे बसत नाही. त्यामुळे आज त्यात सापडणारं शिसं बहुतेक सगळं नंतर युरेनियमपासून झालेलं असतं. शिवाय एकाच कणात दोन घड्याळं चालू असतात: युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षं, युरेनियम-235 चं सुमारे 70 कोटी. मधेच शिसं निसटलं तर दोन्ही घड्याळांचा मेळ बसत नाही आणि गळती लगेच उघडी पडते. दोन वह्यांत लिहिलेला हिशेब आहे हा; एकीत खाडाखोड केली की दुसरी बोंब मारते.

आता भट्टीचा मुद्दा. उष्णतेनं किरणोत्साराचा वेग बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की तयार झालेलं मूलद्रव्य खनिजात टिकून राहतं की बाहेर झिरपतं. थंडीतलं स्वयंपाकघर आठवा. पारा उतरू लागला की आधी तूप थिजतं, मग खोबरेल, शेंगदाण्याचं तेल तसंच वाहतं राहतं. खनिजांचंही असंच. झिरकॉन 900 अंशांच्या वरही शिसं धरून ठेवतो. अभ्रकात पोटॅशियमपासून आरगॉन हा वायू तयार होत असतो; पांढरं अभ्रक तो साधारण 400 अंशांच्या आसपास कोंडू लागतं, काळं अभ्रक 300 च्या सुमारास. मग एकाच खडकात काळ्या अभ्रकाचं वय पांढऱ्यापेक्षा कमी आलं, तर चूक कुठे झाली? खडक कधी किती थंड झाला, त्याच्या या नोंदी आहेत.

उत्तर-पश्चिम इटलीतल्या आल्प्समध्ये दोरा माइरा नावाचा डोंगरभाग आहे. तिथल्या खडकात गार्नेट या खनिजाचे मुठीपेक्षा मोठे स्फटिक सापडतात. 1984 साली भूवैज्ञानिक क्रिस्तियाँ शोपँ यांनी अशा गार्नेटच्या पोटात कोएसाइट असल्याचं दाखवलं. कोएसाइट म्हणजे आपल्या गारगोटीचंच, प्रचंड दाबाखाली झालेलं रूप. त्यासाठी खडक जवळपास 100 किलोमीटर खोल जावा लागतो. वर येताना कोएसाइटची पुन्हा गारगोटी होऊ लागली, ती फुगली आणि भोवतीच्या गार्नेटला ताऱ्यासारखे तडे गेले. सूक्ष्मदर्शकाखाली ते तडे दिसतात. कुणी पाहिलं होतं, असं विचारणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत. (आपल्या लडाखमध्ये त्सो मोरीरीजवळच्या खडकांतही कोएसाइट सापडला आहे.)

याच दोरा माइरातल्या झिरकॉनच्या गाभ्याचं वय सुमारे 27.5 कोटी वर्षं येतं आणि कडेच्या थराचं सुमारे 3.5 कोटी. तांदळाच्या दाण्याहून लहान कण, त्याला दोन वयं! गाभा मूळ ग्रॅनाइटच्या वेळचा, कड खोल गेल्यावर चढलेली. टायटनाइट या खनिजानं पुढची गोष्ट सांगितली. ते वेगवेगळ्या दाबाखाली टप्प्याटप्प्यानं वाढलं होतं, म्हणून इथली वयं थंड होण्याची नसून वाढीची आहेत: अतिखोल असताना 3.51 कोटी, साधारण 35 किलोमीटरवर 3.29 कोटी, 17 किलोमीटरच्या आसपास 3.18 कोटी. म्हणजे खडक सुरुवातीला वर्षाला तीनेक सेंटिमीटरनं वर आला आणि मग मंदावला. खनिजांनी एकच वय सांगितलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

राहिला आकडे टाकून देण्याचा आरोप. त्याच मजकुरात अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचं उदाहरण असतं: 1980 च्या दशकातल्या लाव्हाचं वय पोटॅशियम-आरगॉन पद्धतीनं साडेतीन लाख वर्षं आलं. आकडा खरा आहे. पण पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य 125 कोटी वर्षं. दहाएक वर्षांचा खडक त्यानं मोजणं म्हणजे मिनिटकाटा नसलेल्या घड्याळावर सेकंद वाचणं. वर त्या लाव्हात आधीच घडलेले, जुना आरगॉन बाळगणारे स्फटिक मिसळलेले होते.

अशा जुन्या, जादा आरगॉनचा घोळ दोरा माइरातही झाला, आणि तो भूवैज्ञानिकांनीच उघड केला. तिथल्या पांढऱ्या अभ्रकाचं आरगॉन पद्धतीनं वय 10 कोटींच्या आसपास येत होतं आणि बरेच जण ते खरं मानून चालले होते. झिरकॉनचे 4 कोटींच्या आतले आकडे आले तेव्हा वाद पेटला. लेसरनं अभ्रकाचे कण जागोजागी तपासल्यावर दिसलं, की प्रचंड दाबाखाली जुना आरगॉन बाहेर न पडता आतच अडकून राहिला होता. ते 10 कोटींचे आकडे कुणी लपवले नाहीत. ते शोधनिबंधांत आजही छापलेले आहेत, आणि ते का फसले हे सांगणारे निबंधही.