रोज 5,000 कशाचे आणि रोज 100 कशाचे?

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय : "कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत सिबिल क्लिअर झालं नाही तर बँक रोज 5,000 रुपये देणार. रिझर्व्ह बँकेचा नियम. तक्रार करायची गरज नाही, नाहीतर थेट लोकपाल." पाठवणाऱ्याला मदतच करायची असते. पण त्यावर विसंबून माणसं हातातले दिवस घालवतात, म्हणून मुद्द्यागणिक लिहितोय.

"रोज 5,000." रक्कम खरी आहे, पण ती कागदपत्रांसाठी. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 ला परिपत्रक काढलं, ते 1 डिसेंबर 2023 पासून लागू झालं. घर, शिक्षण, गाडी अशा वैयक्तिक कर्जाची पूर्ण परतफेड झाली की 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. उशीर बँकेमुळे झाला तरच दिवसाला 5,000. बँकेने कागद हरवले तर प्रती मिळवायला मदत तिनेच करायची, खर्चही तिचाच. मात्र त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात.

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, ती सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्या ठेवतात. त्या नोंदीचा नियम निराळा आहे. तो 26 ऑक्टोबर 2023 चा, लागू झाला सहा महिन्यांनी. भरपाई दिवसाला 100 रुपये.

"तक्रार करायची गरज नाही." मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. ते 100 रुपये कर्ज फिटल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. तक्रार नोंदवल्यापासून 30 दिवसांत ती सुटली नाही, तर त्यापुढच्या दिवसांचे मोजतात. तक्रारच नसेल तर मोजायला सुरुवातच होत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. गाडीचा शेवटचा हप्ता गेला, एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, आली, आरटीओत गाडीवरचा बोजा उतरवायच्या फॉर्म 35 वर सही-शिक्काही मिळाला. सहा महिन्यांनी घरासाठी कर्ज काढायला गेलो, तर रिपोर्टमध्ये तेच खातं चालू आणि बाकी 236 रुपये. कुठला तरी 200 चा आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. एनओसी हातात असताना! शाखेत तीन चकरा मारल्या. दर वेळी तेच उत्तर, "होईल सर, सिस्टीममध्ये अपडेट होतं." त्या तिन्ही चकरांचा कुठेही कागद नाही, म्हणजे नियमाच्या लेखी मी तक्रार केलीच नव्हती. अखेर ईमेल केला, तक्रार क्रमांक आला आणि एकोणिसाव्या दिवशी खातं बंद दिसलं. भरपाई शून्य, कारण तक्रारीनंतरचं काम मुदतीत झालं होतं. आधीचे महिने माझेच गेले.

पैसे कोण देणार, हेही त्या मेसेजमध्ये नाही. बँकेने 21 दिवसांत दुरुस्त माहिती क्रेडिट कंपनीकडे पाठवायची असते. ती पाठवली नाही तर भुर्दंड बँकेला. वेळेत पाठवूनही 30 दिवसांत तक्रार सुटली नाही तर कंपनीला.

"सिबिल क्लिअर." फेडलेलं कर्ज रिपोर्टमधून पुसलं जात नाही, त्यापुढे 'क्लोज्ड' लागतं. वेळेवर फेडलेलं जुनं कर्ज तिथे दिसणं तुमच्याच फायद्याचं आहे. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेल्या कर्जापुढे 'सेटल्ड' येतं आणि नोंद खरी असेल तर ती बदलून मागता येत नाही. क्रेडिट स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून कंपनी देते ते गुण, कसा काढला यावरच्या वादाला ही भरपाई लागूच नाही. शिवाय सिबिल ही चारपैकी एक कंपनी. एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क यांचेही रिपोर्ट बघा. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

"थेट लोकपाल." लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी, पण त्याच्याकडे थेट जाता येत नाही. आधी बँकेकडे किंवा क्रेडिट कंपनीकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की मग रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर. फी नाही, वकील लागत नाही. 1 सप्टेंबर 2022 पासून क्रेडिट कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत.

तक्रारीत कर्ज खात्याचा क्रमांक, शेवटच्या हप्त्याची तारीख, एनओसीची प्रत आणि रिपोर्टचं ते पान जोडा. भरपाई जमा करण्यासाठी बँक खात्याचा तपशीलही द्या. तक्रार क्रमांक आला नाही तर मागून घ्या. पुढे लोकपालाकडे तोच आणि त्यावरची तारीख दाखवावी लागते.