खाली पडलेलं बी

"काका, तुम्ही. निळा शर्ट. जे उचललंय ते खाली ठेवा बरं."

चाळीस माना एकदम वळल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरा निळा शर्ट नव्हता.

उचललं होतं काय, तर महोगनीचं एक बी. तोडलेलं नाही, खाली पडलेलं. विटकरी रंगाचं, एका बाजूला पातळ पंख. वर उडवलं की भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. त्रेचाळिसाव्या वर्षी हे एकदा करून बघावंसं वाटणं हा काही दखलपात्र गुन्हा नाही. आणि 'काका' तर सरळ अन्याय.

वनस्पती उद्यानाची 'वृक्ष परिचय फेरी'. मोफत, नोंदणी आवश्यक. बायकोने दोघांची नावं घातली आणि आयत्या वेळी तिचं डोकं दुखायला लागलं. असो.

खरी फेरी चालवली ती पांढऱ्या टोपीतल्या एका गृहस्थांनी. माहिती सांगणारी मुलगी हुशार होती, मनापासून बोलत होती. वडाखाली उभं राहून ती सांगत होती की वडाचं फळ म्हणजे खरं तर आत मिटून घेतलेली शेकडो फुलं, आणि परागीभवनासाठी एक इवलीशी गांधीलमाशी त्यात शिरते. मी अगदी रंगून गेलो होतो.

"मधुमेहाला चालतं का?" टोपीवाले.

"काय?"

"वड. पान घ्यायचं की साल?"

"काका, आम्ही इथे औषधं सांगत नाही."

"हो हो, बरोबर आहे. पण साधारण?"

या 'साधारण'ला जगात उत्तर नाही. मुलगी पुढच्या झाडाकडे निघाली. कैलासपती. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, शास्त्रीय नाव कुरुपिटा गायनेन्सिस.

"अमेरिकेतलं?" टोपीवाल्यांनी खोडावर थाप मारली. "मग तिकडे संधिवाताला देत असणार."

"मला कल्पना नाही."

"लिहून ठेवा, विचारून सांगा." हे म्हणताना त्यांच्या हाताने एक खालचं पान खुडून शबनम पिशवीत टाकलं. आपण चष्मा पुसावा, इतक्या सहज. वडाचं आधीच आत होतं.

आता चिडून उपयोग नाही, इतिहास त्यांच्याच बाजूला आहे. इटलीत पाडुआला 1545 साली वनस्पती उद्यान निघालं, ते वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडं ओळखता यावीत म्हणूनच. आणि तिथे चोऱ्या इतक्या व्हायच्या की भोवती गोल भिंत घालावी लागली. म्हणजे टोपीवाल्यांची परंपरा जवळपास पावणेपाचशे वर्षांची. मीच नवखा. नवखा पकडला जातो.

नियम मला समजतो. इथल्या झाडाला नुसती नावाची पाटी नसते, नोंदणी क्रमांक असतो. कुठून आणलं, कोणत्या साली लावलं, सगळी कुंडली दप्तरात. बिया बाहेर गेल्या तर कुठे रुजतील सांगता येत नाही. घाणेरीसुद्धा शोभेचं झुडूप म्हणूनच आणली होती, आता रानं गिळून बसली आहे. पटलं, शंभर टक्के पटलं. पण माझी भिंगरी पकडणाऱ्यांना त्याच महोगनीच्या खोडावर कोरलेला बदाम दिसू नये? बाण, दोन आद्याक्षरं, वर तारीख. सालीखालच्या थरातून झाडाचं अन्न वाहतं. बदाम कोरणाऱ्याने तोच थर कापलाय. त्याला कुणी "निळा शर्ट" म्हणून हाक मारली होती का? बरं, एक पाटी तर थेट खोडात खिळा ठोकून लावलेली. ती कुणी ठोकली, ते तरी सांगा.

वाईट पुढेच वाटलं. पाच मिनिटांनी त्या मुलीने स्वतः खाली वाकून तेच, मी ठेवलेलंच बी उचललं. "आता गंमत बघा हं," म्हणत वर उडवलं. बी गरगरत आलं. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, न वाजवून सांगतो कुणाला.

शेवटी 'सर्वांत जिज्ञासू सहभागी' म्हणून एक रोप द्यायचं होतं. ते कुणाला मिळालं हे सांगायची गरज आहे का? टोपीवाल्यांनी रोप हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "पित्ताला?"

फाटकापाशी त्यांनी मला गाठलं. मघापासून मी लंगडतोय हे एकट्या त्यांच्याच लक्षात आलं होतं. हस्तांदोलन केलं तेव्हा तळव्यात काहीतरी गार, लवदार लागलं.

"गुडघ्याला बांधा," ते हळूच म्हणाले. "रात्री. कुणाला बोलू नका."

पान माझ्याकडेच आहे, जाड वहीत दाबून ठेवलंय. कशाचं आहे कळत नाही. ती मुलगी एका नजरेत सांगेल. पण तिला जाऊन विचारायचं कोणत्या तोंडाने?